पुस्तकावरून स्लीप स्टेजिंग: घामामुळे दिसणारी खोटी एन-३

पुस्तकातले नमुने स्वच्छ असतात. खऱ्या रेकॉर्डिंगमध्ये घाम असतो, आणि झोपेचे टप्पे ठरवताना (स्लीप स्टेजिंग) एन-३ चा, म्हणजे गाढ झोपेच्या टप्प्याचा, घोळ तिथेच होतो.

नियम सरळ आहे: ३० सेकंदांच्या एपॉकमध्ये (रेकॉर्डिंगच्या एका तुकड्यात) ०.५ ते २ हर्ट्झच्या, ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा मोठ्या लाटा एकूण किमान ६ सेकंद दिसल्या की एन-३. उंची फ्रंटल, म्हणजे कपाळाकडच्या, चॅनेलवरच मोजा (एफ४-एम१: उजवीकडचा पुढचा इलेक्ट्रोड एफ४, डाव्या कानामागच्या एम१ शी तुलना करून).

घामाची लाट बहुधा ०.५ हर्ट्झहूनही संथ. अख्खी बेसलाइनच डोलते, आणि वर बारीक वेगवान ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरी) तसाच चालू राहतो. एफ४, सी४, ओ२ (डोक्याच्या पुढचा, मधला, मागचा इलेक्ट्रोड) तिन्ही एका तालात डोलत असतील तर संशय एम१ वर घ्या, कारण तिघांची तुलना त्याच्याशीच होते. स्क्रीनवर रेफरन्स (तुलनेचा इलेक्ट्रोड) एम२, म्हणजे उजव्या कानामागचा, करून बघा. डोलणं थांबलं तर चोर सापडला.

लो-फ्रिक्वेन्सी फिल्टर (संथ लाटा गाळणारा) ०.३ वरून १ हर्ट्झवर नेण्याचा मोह होतो. रेघ सरळ होते खरी, पण गाढ झोपेच्या खऱ्या संथ (डेल्टा) लाटाही बुटक्या होतात. त्यावर एन-३ ठरवू नका. खोली गार करा, जाड पांघरूण काढा, कानामागची जागा पुसून इलेक्ट्रोड पुन्हा लावा. इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या आत हवा.