ग्राफिक्स कार्ड घेताना व्हीरॅम किती बघावी

कोटेशनमध्ये 'जीटी ७३०, ४ जीबी' अशी ओळ दिसली की मी ती आधी खोडतो. जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्ड आणि ४ जीबी ही त्याची व्हीरॅम, म्हणजे गेमची चित्रं ठेवायला कार्डावरच असलेली मेमरी. साताऱ्यात मी कॉम्प्युटर असेंबल करून देतो. बारावीचे निकाल लागले की मुलं वडिलांना घेऊन येतात, हातात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर दुकानातून आणलेला कागद असतो आणि वडील विचारतात, "दादा, चार जीबीचं आहे, म्हणजे गेमला चालेल ना?" नाही चालत. जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड आहे. त्याच्या ४ जीबीच्या प्रकारात सहसा डीडीआर३ ही जुन्या, संथ प्रकारची मेमरी असते आणि ती सेकंदाला जेमतेम १४ जीबी डेटा हलवते. आरटीएक्स ४०६० मध्ये हाच आकडा २७२ आहे. जीबीवरून जागा कळते. मेमरीचा वेग आणि चिपची, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या जीपीयूची, ताकद वेगळीच बघावी लागते.

ही जागा खातं कोण? मुख्यतः टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या भिंती, कपडे, चेहरे यांच्यावर चढवलेली चित्रं. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर आहे तसं ठेवलं तर ६४ एमबी होतं. गेम ते दाबून १६ एमबीवर आणतात आणि लांबून दिसण्यासाठीच्या लहान प्रती धरून २१ एमबीच्या आसपास जातं. एकेका वस्तूला अशी तीन-चार लागतात आणि एका दृश्यात वस्तू शेकडो असतात. याउलट पडद्यावरचं एक पूर्ण चित्र, म्हणजे फ्रेम, १०८०पी ला (१९२० बाय १०८० पिक्सेल) साधारण ८ एमबीची, ४के ला (३८४० बाय २१६०) ३३ एमबीची. फ्रेम तयार होताना असे बरेच बफर, म्हणजे तात्पुरते साठे, लागतात, म्हणून मोठ्या मॉनिटरला जास्त मेमरी लागते हे खरंच. पण '१०८०पी ला ८ जीबी पुष्कळ' असं सरसकट सांगणाऱ्यांनी टेक्स्चर कुठल्या पातळीवर ठेवलंय तेही सांगायला हवं. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खराखुरा हिशोब) आणि फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवणं) चालू केलं की त्यांचा वाटा आणखी वेगळा.

जागा भरली की उरलेला डेटा कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातो आणि पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या वाटेने ये-जा करतो. आरटीएक्स ४०६० ला या वाटेच्या आठच लेन आहेत. नव्या मदरबोर्डवर त्यातून सेकंदाला १६ जीबीच्या आसपास जातात आणि बी४५० सारख्या जुन्या बोर्डवर, जे आपल्याकडे अजून घरोघरी आहेत, फक्त ८. त्यामुळे सेकंदाला येणाऱ्या सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण वळणावर, दार उघडताना गेम झटके देतो. काही गेम झटके देत नाहीत, गुपचूप धूसर टेक्स्चर दाखवतात. म्हणून कार्डाची तुलना बघताना सरासरीवर थांबू नका, 'वन परसेंट लो' चा, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा, आकडा बघा.

हातात आधीच कार्ड असेल तर नवं घेण्याआधी एक तपासणी करा. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू उघडा. 'डेडिकेटेड' मेमरी काठोकाठ भरलीय, 'शेअर्ड' वाढत चाललीय आणि गेम अडखळतोय, तर मेमरी कमी पडतेय. डेडिकेटेडमध्ये जागा शिल्लक आहे आणि तरी फ्रेम कमीच येतात, तर चिप किंवा प्रोसेसर थकलाय. तिथे जास्त जीबीच्या कार्डावर पैसे घालू नका. आणखी एक: गेम गरजेपेक्षा जास्त मेमरी अडवूनही ठेवतात, त्यामुळे नुसता मोठा आकडा बघून घाबरायचं कारण नाही.

माझा हिशोब असा. फक्त व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ खेळणार असाल तर ८ जीबी निवांत पुरते, वाचलेले पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये (पॉवर सप्लायमध्ये) घाला. मोठे नवे गेम १०८०पी वर वरच्या सेटिंगला खेळायचे तर १२ जीबी. १४४०पी ला (२५६० बाय १४४०) १२ ही किमान, १६ असेल तर उत्तम. ४के ला १६ च्या खाली जाऊ नका. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२० मध्ये १६ जीबी सामायिक मेमरी घेऊन आले आणि मोठे गेम त्यांच्या मापाने बनू लागले, म्हणून ८ जीबीवर दिवस कठीण झाले.

एकच चिप मेमरीच्या दोन आकारांत मिळत असेल तर मी आग्रहाने मोठा आकार घ्यायला सांगतो. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही २०२५ ची, दोन्ही ८ आणि १६ जीबीत. जाहीर किमतीत फरक ५० डॉलरचा होता. चार-पाच वर्षं वापरायच्या वस्तूला तो द्यावा. पण नाव सारखं म्हणजे चिप आणि बाकी सगळं सारखंच, असं धरू नका. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीच्या कार्डाला १९२ बिटची बस, म्हणजे चिप आणि मेमरीमधला रस्ता, आहे, नंतर आलेल्या ८ जीबीच्या कार्डाला १२८ बिटचीच. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबीच्या प्रकारात तर चिपमधले कोअरच, म्हणजे काम करणारे भागच, कमी होते.

बजेट ८ जीबीवरच थांबत असेल तर गेममध्ये सर्वांत आधी टेक्स्चर एक पायरी खाली आणा, बाकी सेटिंग तशाच ठेवून बघा. मेमरी पुरेशी असेल तर उलट करा: टेक्स्चर सर्वांत वर ठेवा, त्याने फ्रेम जवळजवळ कमी होत नाहीत आणि चित्र मात्र लगेच सुधारतं.

दुकानात बिलावर मॉडेलसोबत जीबीचा आकडा लिहून घ्या, खोक्यावरचा आणि बिलावरचा जुळवा. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याच्या समोर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. त्यात मेमरीचा प्रकार, आकार आणि बसची रुंदी दिसते. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बरीच बनावट एनव्हिडिया कार्डं ते ओळखतं आणि नावाआधी 'फेक' असं दाखवतं. विकणारा ते चालवू देत नसेल तर कार्ड घेऊ नका.