पोरगा एनएचएलसाठी तयार आहे का? ठरवताना या चुका टाळा

सप्टेंबरमध्ये एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगचे, सराव सामने सुरू झाले की दरवर्षी तोच वाद पेटतो. नुकता ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) निवडलेला अठरा वर्षांचा मुलगा थेट मोठ्या संघात खेळवायचा, की पुन्हा ज्युनियरमध्ये, म्हणजे त्याच्या वयाच्या पोरांच्या लीगमध्ये, पाठवायचा? अशा वेळी माझा जीव त्या मुलासाठी तुटतो. घाई कोणीही करो, भोगावं त्यालाच लागतं.

नुसते गोल मोजणं

सगळ्यात मोठी चूक हीच. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये एडमंटन ऑयलर्सनी नेल याकुपोव्हला पहिल्या क्रमांकावर उचललं. पहिल्या मोसमात त्याने ४८ सामन्यांत १७ गोल केले आणि सगळे हरखले. पण त्याचा जवळजवळ दर पाचवा फटका गोलात जात होता. एनएचएलमध्ये साधारण दहातला एखादाच जातो, त्यामुळे हे टिकणारं नव्हतं. पुढच्या मोसमात ११ गोल झाले, आणि २०१८ नंतर तो त्या लीगमध्ये दिसलाच नाही.

मग बघायचं काय? पकवरची (खेळातल्या रबरी चकतीवरची) नजर काढा आणि दहा मिनिटं फक्त त्या मुलाकडे बघा. पक हातचा गेल्यावर तो जीव तोडून मागे येतो का? पास घेण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते पाहतो का? बोर्डपाशी (मैदानाच्या कडेच्या भिंतीपाशी) नव्वद किलोचा बचावपटू पाठीवर आला की पाय रोवून उभा राहतो, की पक घाईघाईने भिरकावून मोकळा होतो? ज्युनियरमध्ये तो पोरांना ढकलत होता. इथे समोर तिशीतले बाप्ये असतात.

सराव सामन्यांवर भुलणं

पहिल्या काही सामन्यांत समोरचा निम्मा संघ एएचएलचा, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगचा, असतो. शेवटचे दोन सामने बघा, तेव्हा खरे गडी उतरतात.

दहाव्या सामन्याची घाई

अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू मोसमात दहा सामने खेळला की त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराचं एक वर्ष खर्ची पडतं. म्हणून दहाव्या सामन्याआधीच निकाल लावायची धडपड चालते. नऊ सामन्यांत तब्येत आणि धीर कळतो, पण कुवत कळेलच असं नाही. जो थॉर्नटन या खेळाडूने १९९७-९८ या त्याच्या पहिल्या मोसमात ५५ सामन्यांत फक्त ३ गोल केले होते. २००५-०६ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

गोलरक्षकांना तर आणखी वेळ द्या. कॉनर हेलेबक १३० व्या क्रमांकावर निवडला गेला, दोन वर्षं कॉलेजात खेळला, मग एएचएलमध्ये, आणि त्यानंतरच एनएचएलमध्ये.

परत पाठवणं म्हणजे अपयश मानणं

मुलगा वर आणलाय, पण चौथ्या फळीत सात-आठ मिनिटं खेळून बाकावर बसतोय, पक आला की दचकतोय. अशा वेळी त्याला रोज वीस मिनिटं खेळायला मिळेल तिथे पाठवा. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला जर्मनीचा लिऑन ड्रायसाइटल ३७ सामन्यांत २ गोल करून अडकला होता. जानेवारी २०१५ मध्ये ऑयलर्सनी त्याला ज्युनियरमध्ये परत पाठवलं. केलोना या ज्युनियर संघाकडून खेळताना तो मेमोरियल कप या ज्युनियर स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू झाला. पुढच्या मोसमाची सुरुवातही त्याने एएचएलमध्येच केली. मग वर येऊन ७२ सामन्यांत ५१ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), आणि २०१९-२० मध्ये ११० गुणांसह हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान.