ग्लुटामेट रिसेप्टरचा अभ्यास करताय? या चुका टाळा

फोंड्याला माझ्याकडे संध्याकाळच्या बॅचला बीएस्सीवाले, फार्मसीवाले अशी मिक्स पोरं येतात आणि सिनॅप्सचा, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या सांध्याचा, चॅप्टर सुरू झाला की दरवर्षी त्याच त्या चुका. मूळ बहुतेक एकच असतं, ग्लुटामेट रिसेप्टर (ग्लुटामेट या निरोप देणाऱ्या रसायनाला पकडणारं पेशीवरचं प्रोटीन) म्हणजे एकच काहीतरी बटण असं डोक्यात बसलेलं. तसं नाहीये हो. तो कुठल्या सबयुनिटांचा (जोडून रिसेप्टर बनवणाऱ्या प्रोटीनच्या तुकड्यांचा) बनलाय ते आधी विचारायचं, काम काय करतो ते त्यावरनंच ठरतं.

"सिनॅप्समध्ये एनएमडीए रिलीज होतं" हे वाक्य पेपरात दिसलं की मी लाल पेन उचलते. सुटतं ते ग्लुटामेट. एनएमडीए, अँपा, कायनेट ही बाहेरून टाकायची रसायनं, कुठला रिसेप्टर कशाला रिस्पॉन्स देतो हे बघून त्यांची नावं रिसेप्टरला चिकटली, एवढंच.

आता आकृती. इथे सगळ्यात जास्त मार्क जातात. निकोटिनिक रिसेप्टर (असिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनाचा) पाच सबयुनिटांचा असतो, तेच पाठ झालेलं असतं आणि इथेही पाचच काढतात, पण हे तिन्ही चॅनेलवाले (स्वतःतूनच आयन जाऊ देणारे) रिसेप्टर चार सबयुनिटांचे आहेत. दुसरं म्हणजे प्रत्येक सबयुनिट मेंब्रेनमधून चार वेळा आरपार गेलेला दाखवतात. आरपार फक्त तीन वेळा. दुसरा तुकडा, एम-२, पेशीच्या आतल्या बाजूनं शिरतो, वळसा घेतो आणि परत आतच येतो, आयन जातात त्या वाटेचा अरुंद भाग तोच बनवतो. स्वतःची आकृती तपासायची सोपी युक्ती सांगते: एन टोक (प्रोटीनच्या साखळीची सुरुवात) बाहेर आणि सी टोक (शेवट) आत आलंय का बघा. चार वेळा आरपार काढलंत तर दोन्ही टोकं एकाच बाजूला येणार, म्हणजे चुकलंच. २००९ साली एरिक ग्वो (Gouaux) यांच्या लॅबनं ग्लू-ए२ या अँपा सबयुनिटाच्या चार सबयुनिटांच्या अख्ख्या रिसेप्टरची रचना दाखवली, त्यात बाहेरचा मोठा भाग इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो. ते चित्र एकदा शोधून नीट बघा, गाईडमधले गोळे विसराल.

एनएमडीए रिसेप्टरबद्दल "ग्लुटामेट बसलं की उघडतो" एवढंच लिहून मोकळे होतात. साधारण दोन ग्लू-एन१ आणि दोन ग्लू-एन२ असा तो बनतो, ग्लुटामेट एन२ वर बसतं, एन१ वर ग्लायसिन नाहीतर डी-सेरिन लागतं, आणि हे सगळं जमून गेट उघडलं तरी साधारण उणे ७० मिलिव्होल्टला, म्हणजे पेशी शांत असताना, करंट जवळजवळ नाहीच, कारण वाटेत मॅग्नेशियम बसलेलं असतं. चोडणच्या फेरीबोटीचा रॅम्प खाली आलाय पण तोंडाशीच कुणाची तरी गाडी बंद पडलीय, तसं. पेशी डिपोलराइज झाली (आतलं व्होल्टेज कमी उणे झालं) की मॅग्नेशियम बाहेर ढकललं जातं आणि मग सोडियमबरोबर कॅल्शियमही आत येतं. म्हणजे गेट उघडणं वेगळं आणि ब्लॉक निघणं वेगळं, उत्तरात दोन्ही लिहा. हे डिपोलरायझेशन बहुतेक वेळा शेजारचे अँपा रिसेप्टरच करून देतात.

त्याच्या उलट, "अँपामधून कॅल्शियम जात नाही" हे डोळे मिटून लिहू नका. ग्लू-ए२ असेल तर जवळजवळ नाही, नसेल तर जातं. गंमत म्हणजे जीनमध्ये त्या जागी ग्लुटामिनचा कोड आहे, आरएनए तयार झाल्यावर एक एन्झाइम त्यातलं एक अक्षर बदलतं आणि तिथे आर्जिनिन येतं, त्याच्या पॉझिटिव्ह चार्जमुळे कॅल्शियमची वाट बंद होते. मोठ्या माणसाच्या मेंदूतलं जवळपास सगळं ग्लू-ए२ असं एडिट झालेलं असतं.

ग्लुटामेट नेहमी उत्तेजनच देतं हेही खोटं. डोळ्याच्या पडद्यातल्या ऑन बायपोलर पेशींवर एम-ग्लू-आर६ (मेटाबोट्रॉपिक ग्लुटामेट रिसेप्टरचा एक प्रकार) असतो, त्यावर ग्लुटामेट बसलं की उलट चॅनेल बंद होतात. या एम-ग्लू-आर मंडळींना स्वतःचं चॅनेल नसतं, ती जोडीनं असतात आणि जी-प्रोटीनमार्फत (पेशीच्या आतल्या निरोप्या प्रोटीनमार्फत) काम करतात.

वर्गात हमखास येणारा प्रश्न: गाड्यावरच्या चायनीजमधलं अजिनोमोटो, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, मेंदूत जातं का? खाल्लेलं ग्लुटामेट बरंचसं आतड्यातच वापरलं जातं, आणि रक्तात आलेलंही मेंदूत सहज शिरत नाही. खरा किस्सा १९८७ चा, कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या शिनाण्यांमध्ये (मसल्स, शिंपल्यांचा प्रकार) डोमोइक अ‍ॅसिड हे विष होतं, ते कायनेट आणि अँपा रिसेप्टर चेतवतं, खाणाऱ्यांपैकी काहींची स्मरणशक्ती कायमची गेली. ते तिकडचं, आपल्याकडच्या शिनाण्यो उगाच बदनाम नकोत.

पुढे रिसर्चला गेलेली पोरं फोन करतात, "टीचर, एनएमडीए करंट दिसतच नाही." मी आधी विचारते, व्होल्टेज किती ठेवलंय? उणे ७० आणि द्रावणात मॅग्नेशियम असेल तर दिसणार कसा, अधिक ४० ला न्या नाहीतर मॅग्नेशियम काढा. ग्लायसिन घातलंय का? हेक पेशींत (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशींत) फक्त एन१ चा जीन टाकलाय की एन२ पण? नुसत्या एन१ वर भागत नाही. दोन्ही टाकले आणि पेशीच मरतायत तर मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रावणात) एपी-५, म्हणजे एनएमडीए रिसेप्टर अडवणारं रसायन, ठेवा, नाहीतर मीडियममधल्या ग्लुटामेटमुळेच कॅल्शियम शिरून त्या मरतात, फक्त रेकॉर्डिंगआधी ते धुवायला विसरू नका. अँपाचा करंट बारीक येत असेल तर ग्लुटामेट हळू सोडताय का बघा, कारण अँपा काही मिलिसेकंदांतच डिसेन्सिटाइज होतो (ग्लुटामेट असूनही बंद पडतो) आणि पीक हातातून जातो. आणि अधिक ४० ला दिसलेला सगळाच करंट एनएमडीएचा धरू नका, सुरुवातीचा भाग अँपाचा असतो. शेवटी एपी-५ घालून बघा, त्यानंही जो करंट गेला नाही तो एनएमडीएचा नव्हताच.