शहर आणि गावं मिळून सुका कचरा गोळा करताय? या चुका टाळा

मे उजाडला की मला एखाद्या सरपंचाचा फोन हमखास येतो. "शेड उभी राहिली, मशीन आलं, आता आम्हाला शहराशी जोडून द्या." मी आधी एकच विचारतो, शहराने तुमचा माल, म्हणजे सुका कचरा, नाकारला तर तो परत कोण नेणार? याचं उत्तर आजवर एकानेही तयार ठेवलेलं नव्हतं. सिंधुदुर्गात नगरपरिषद आणि आसपासच्या ग्रामपंचायती यांच्यामध्ये उभं राहून मी बरीच वर्षं हे काम करतोय. चुका त्याच त्याच होतात.

तोंडी बोलण्यावर टेम्पो सोडणे

सगळ्यात महागात पडलेली चूक ही. सात ग्रामपंचायती आणि एक नगरपरिषद. शहराकडे शेड, गाठी बांधायचं मशीन आणि कचरा निवडणाऱ्या सहा बायका. बैठक झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा-वडा झाला, फोटो निघाले. कागदावर कोणी एक ओळ लिहिली नाही.

जुलैत एका गावचा टेम्पो आला. वर फाटकी ताडपत्री, आत भिजून जड झालेल्या गोण्या. पहिली गोणी फोडली तर कुरकुऱ्यांच्या पाकिटांत आणि दुधाच्या पिशव्यांत कोंबडीची पिसं, आतडी. बायकांनी हात लावायला नकार दिला, आणि त्यांचं अगदी बरोबर होतं. ड्रायव्हर म्हणाला, "मला खाली करायला सांगितलंय." गेटबाहेर सगळं ओतून तो गेला. ग्रामपंचायत म्हणाली, माल आता शहराचा. नगरपरिषद म्हणाली, हा आमच्या हद्दीतला कचराच नाही. यात दोन दिवस गेले आणि दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता.

शेड सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या पठारावर. जांभा म्हणजे चाळण, वर जे सांडेल ते खाली झऱ्याला आणि विहिरीला पोचतं. तिसऱ्या दिवशी सड्याखालच्या घरातल्या काकी कळशी घेऊन आल्या आणि ती नगरपरिषदेतल्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. पाण्यावर तेलकट तवंग होता, वास साऱ्या खोलीत पसरला. त्या एवढंच म्हणाल्या, "ह्या पाणी आदी तुमी पिवा, मगे सभा घेवा." कोणाला वर बघवेना. विहीर उपसावी लागली, त्या घराला टँकर लावावा लागला, आणि सात गावांची योजना आठ महिने बंद पडली.

त्यानंतर ठरावाशिवाय मी एकही टेम्पो हलू देत नाही. जाडजूड करारनामा लागत नाही, एक पान पुरतं. टेम्पो कोणत्या वारी येणार, डिझेल कोण देणार, कोणता माल नाकारला जाईल, आणि नाकारलेला माल चोवीस तासांत कोण उचलणार. हेच पान ग्रामपंचायतीच्या सभेतही मंजूर व्हायला हवं आणि नगरपरिषदेच्या सभेतही. एकाच बाजूचा ठराव असेल तर मुख्याधिकारी किंवा सरपंच बदलला की कोणीही हात झटकतो.

दुसरी सवय कोयतीची. गोण्या गावातच, चढवण्यापूर्वी, कोणत्याही दोन फोडून बघतो, आणि तेही ग्रामपंचायत सदस्यांच्या समोर. प्रत्येक गोणीवर ऑइलपेंटने वाडीचा क्रमांक घालतो. वाईट माल निघाला तर गावाला दोष न देता त्या वाडीत जाऊन बसतो. बहुतेक वेळा चार-पाच घरांचाच प्रश्न असतो.

आधी मशीन, मग विचार

स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लॅस्टिक व्यवस्थापन केंद्र धरलेलं होतं, त्यासाठी 16 लाखांपर्यंत तरतूद होती. हा पैसा उभारणीचा. चालवणाऱ्याचा पगार, वीजबिल, टेम्पोचं डिझेल हे दर महिन्याला उभं करायचं असतं ते पंचायतींनी. शिवाय ग्रामीण पैसा जिल्हा परिषदेतून येतो, शहराचा नगरविकास खात्याकडून, आणि या दोन फायली आपणहून कधी एका टेबलावर येत नाहीत. त्या कोणीतरी हातात धरून आणाव्या लागतात.

मी पाहिलेल्या एका शेडमध्ये प्लॅस्टिकचा चुरा करणारं श्रेडर आलं, उद्घाटन झालं, आणि थ्री-फेज कनेक्शन नसल्यामुळे ते पावसाळाभर ताडपत्रीखाली गंजलं. पहिल्या वर्षी मशीन घेऊच नका, असं माझं ठाम मत आहे. वजनकाटा घ्या, दोनशे पानी वही घ्या, आणि बारा महिने फक्त मोजा. कोणत्या गावातून किती माल येतो हे कळल्याशिवाय कोणतं मशीन लागेल हे कळत नाही.

वेंगुर्ल्याला अभ्यासदौरे जातात. जायलाच हवं. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या डम्पिंग ग्राउंडचं पर्यटनस्थळ झालं. ओल्या कचऱ्यावर बायोगॅस, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, पालापाचोळ्यापासून जळणाचा कांडी कोळसा, सगळं बघण्यासारखं आहे. पण पाहुणे मशीनचे फोटो घेऊन परततात. त्या मशीनला काम मिळालं ते दारात कचरा वेगळा होत होता म्हणून. फोटो काढायचाच असेल तर घरासमोरच्या डब्यांचा काढा.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

ओला कचरा वाडीबाहेर नेऊ नका. गावात जागा आहे, माड आहेत. मासळीची घाण माडाच्या आळ्यात खोल पुरली की काम झालं. ओल्या कचऱ्याची वाहतूक म्हणजे डिझेल जाळून पाणी फिरवणं.

न्हाणीच्या चुलीत विस्तव पेटवायला दुधाची पिशवी घालतात, विशेषतः पावसात लाकडं ओली असताना. तो धूर पहिल्यांदा पाणी तापवणाऱ्या बाईच्याच छातीत जातो. त्याऐवजी विस्तवासाठी करवंट्या पावसाआधी सुकवून ठेवा.

दुधाची पिशवी विसळून दोरीवर चिमटा लावून वाळवायची. धुतलेला, वाळलेला सुका कचरा महिनाभर घरात राहिला तरी वास येत नाही, त्यामुळे गावात रोज घंटागाडीची गरज नाही. पंधरा दिवसांनी एक फेरी पुरते.

पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे. 2016 च्या केंद्रीय घनकचरा नियमांतही हे होतं. निवडणाऱ्या बायकांच्या हाताचा विचार करा.

भंगारवाल्याला बैठकीला बोलवा. पुठ्ठा, लोखंड, पाण्याच्या बाटल्या तो आधीपासून नेतोच, त्याच्याशी स्पर्धा करू नका. पंचायतीने बघायचं ते त्याला नको असलेलं: चिप्सची पाकिटं, थर्माकोल, चपला, फुटकी काच.

पावसाळा विसरणे

कोकणात जून ते सप्टेंबर कागद आणि प्लॅस्टिक कोरडं ठेवणं हे स्वतंत्र काम आहे. भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव नाही, आणि सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवायच्या प्लॅस्टिकलाही ओल चालत नाही. त्यातच गणपतीला चाकरमानी येतात, घरटी माणसं दुप्पट होतात, मखराचं थर्माकोल कुठेकुठे अजून निघतंच. ऑगस्टमध्ये शेड आधीच भरलेली असेल तर हा माल उघड्यावर जाणार हे नक्की.

म्हणून मी एप्रिलपासूनच ट्रकवाल्यांशी बोलून ठेवतो. घाटावरून भाजी आणि किराणा घेऊन येणारे बरेच ट्रक परत जाताना रिकामे असतात, त्यांना गाठी दिल्या की भाडं निम्म्यावर येतं. गाठी रात्री भरायच्या, सकाळी ट्रक घाट चढलेला असतो. 31 मेला शेड रिकामी, झाडून काढलेली, छपराचे खिळे तपासलेले, आणि एक किल्ली ग्रामपंचायतीकडे, दुसरी नगरपरिषदेच्या मुकादमाकडे.