भाजी पाणचट, काळपट किंवा कचवट होते? या चुका टाळा

भाजी बिघडली की आधी मसाल्याच्या डब्याकडे हात जातो. थोडं तिखट वाढवलं जातं, मीठ वाढवलं जातं, वरून आणखी चमचाभर तेल सुटतं. खरी गडबड मात्र बहुतेक वेळा पाण्याची असते. बऱ्याचशा भाज्यांत वजनाच्या ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते केव्हा बाहेर येऊ द्यायचं, केव्हा आत राखायचं आणि केव्हा उडवायचं, हे एकदा हाताला बसलं की कमी तेलात, कमी मिठात भाजी चविष्ट होते.

परतायला घेतली आणि लगदा झाला

ही सगळ्यात जास्त घडणारी चूक. अर्धा किलो फोडी एकदम मध्यम कढईत पडतात, थरावर थर बसतो, खालच्या थरातून निघालेली वाफ वरच्या थरात अडकते आणि परतायची भाजी उकडली जाते. भांड्यात पाणी साचलेलं असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. खरपूस रंग आणि वास मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे येतो. म्हणजे पाणी उडाल्याशिवाय खमंगपणा येणारच नाही, आच कितीही मोठी करा.

पसरट भांडं घ्या. आधी ते कोरडंच चांगलं तापवा, मग एक मोठा चमचा तेल घाला आणि फोडी एका थरात मावतील एवढ्याच टाका. अर्धा किलो भाजी दोन हप्त्यांत परता. टाकल्यावर दोन मिनिटं उलथणं लावू नका, कारण सारखी ढवळलेली फोड तळाशी टेकतच नाही. इथे कानाचा उपयोग करा. चरचर सलग चालू असेल तर ठीक. आवाज बसला, बुडबुड सुरू झाली आणि कडेला पाणी दिसू लागलं, तर अर्धी भाजी लगेच ताटलीत काढा.

मीठही इथेच घात करतं. सुरुवातीला घातलेलं मीठ फोडींतलं पाणी ओढून काढतं. भाजी अंगच्या पाण्यात शिजवायची असेल तर ते हवंच असतं. तेव्हा मीठ आधी घाला, झाकण ठेवा, आच मंद करा. परतायची असेल तर मीठ शेवटच्या दोन मिनिटांत.

ओव्हनमध्ये भाजतानाही हिशेब तोच. ओव्हन आधी २०० ते २२० अंशांवर तापलेला हवा, फोडी धुऊन कोरड्या पुसलेल्या हव्यात आणि ट्रेमध्ये फोडींमध्ये बोटभर अंतर हवं. अर्धा किलोला एक मोठा चमचा तेल पुरतं. गाजर, बीट, फ्लॉवर यांच्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या फोडींना २५ ते ३५ मिनिटं लागतात. एकदाच, मध्यावर उलटा.

भेंडीची तार येते ती पाणी लागल्यामुळे. तिचा बुळबुळीत पदार्थ पाण्यात विरघळतो आणि फुगतो. भेंडी अख्खी धुवा, एकेक पुसा, तासभर उघडी वाळू द्या आणि मगच चिरा. परतताना झाकण नको. थोडा लिंबाचा रस तार मोडायला मदत करतो. मश्रूमचं उलटं आहे, त्यांना सुटेल तेवढं पाणी सुटू द्या. कोरड्या तव्यावर ते सुटून आटलं की मग तेल घाला. मश्रूम जास्त शिजून गाळ होत नाहीत, त्यामुळे घाई नको.

हिरवी भाजी शेवाळी, काळपट पडते

हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. उष्णता आणि आम्ल एकत्र आलं की तो निसटतो आणि रंग शेवाळी होतो. आम्ल तर भाजीतच असतं. शिजताना त्यातलं काही वाफेबरोबर उडून जातं, पण झाकण असेल तर तेच पुन्हा भाजीवर ठिबकतं. म्हणून हिरव्या शेंगा, ब्रोकोली, पालेभाज्या यांना पहिली काही मिनिटं झाकण लावू नका आणि एकूण शिजवणं पाच ते सात मिनिटांत आटोपा. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर शेवटी.

चिमूटभर सोडा घालून रंग टिकवायची युक्ती आम्ही सुचवणार नाही. रंग राहतो हे खरं, पण पेशींच्या भिंती सैल पडून भाजी लिबलिबीत होते आणि क जीवनसत्त्व व थायमिन (ब१ जीवनसत्त्व) नष्ट होतं. त्यापेक्षा शेंगा खळखळत्या, भरपूर पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, पूर्ण गार झाल्या की निथळून फडक्यावर कोरड्या करा. कोरड्या करणं वगळलंत तर तव्यावर पुन्हा पाणीच पाणी.

शिजवून शिजवून कचवट

बटाटा, गाजर अर्ध्या तासानंतरही दाताखाली करकरत असेल, तर टोमॅटो किंवा चिंच आधी पडली का ते आठवा. आम्लामुळे फोडींमधलं पेक्टिन, म्हणजे पेशींना चिकटवून ठेवणारा पदार्थ, लवकर विरघळत नाही आणि भाजी मऊ होत नाही. आधी फोडी जवळजवळ पूर्ण शिजवा, सुरी सहज आत गेली की मग आंबट. बटाटे उकडताना गार पाण्यातच टाका. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात.

वांगं तेल पितं

वांग्याचा गर स्पंजसारखा असतो, तेल त्यातल्या हवेच्या जागेत शिरतं. परतण्याआधी फोडी वाफेवर पाच-सहा मिनिटं ठेवा. जरा चेमटल्या की पोकळी मिटलेली असते आणि थोडक्या तेलात काम होतं.

सत्त्व मोरीत जातं

क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतात. चिरून मग धुणं, चिरलेली भाजी भिजत ठेवणं, बराच वेळ उकडून पाणी ओतणं, हे तिन्ही टाळा. पालकाला अपवाद आहे. ज्यांना मुतखड्याच्या त्रासामुळे ऑक्झलेट कमी करायला सांगितलं आहे, त्यांनी पालक उकळून पाणी टाकलेलंच बरं, कारण ऑक्झलेटचा बराच भाग त्या पाण्यात उतरतो. आणि अगदी बिनतेलाची भाजी हा आरोग्याचा मार्ग नव्हे. गाजर, भोपळा, पालेभाज्यांतलं कॅरोटिन शरीरात शोषलं जायला थोडी स्निग्धता लागतेच, चमचाभर पुरते.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोलीला उग्र वास येतो तो वेळेमुळे. पाच-सात मिनिटांपुढे गंधकाची संयुगं झपाट्याने वाढतात. पातळ चिरा, लवकर उतरवा. ब्रोकोली चिरून ४० मिनिटं तशीच ठेवली तर तिच्यातल्या उपयुक्त संयुगांना तयार व्हायला वेळ मिळतो, शिजवल्यावर ती क्रिया थांबते.

मिठाचा अंदाज चुकतो

पालेभाजी शिजली की ढिगाची मूठभर होते, त्यामुळे मीठ ती बसल्यावरच घाला. अर्धा किलो फळभाजीला अर्धा ते पाऊण छोटा चमचा, म्हणजे तीन-चार ग्रॅम पुरतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात, सगळं मिळून, पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तेव्हा चवीसाठी आधी लिंबू, लसूण, भाजलेले तीळ यांच्याकडे वळा. लसूण ठेचून दहा मिनिटं ठेवला, तर आच लागण्याआधी त्याचा वास आणि गुण पुरता तयार होतो.

मीठ जास्त पडलंच तर बटाटा टाकून काढायचा खटाटोप करू नका. बटाटा मीठ वेगळं ओढत नाही, मीठ घातलेलं पाणीच शोषतो. बिनमिठाची शिजवलेली भाजी त्यात मिसळा. आणि भाजीला पाणी सुटलं असेल तर सगळंच आटवत बसू नका. फोडी झाऱ्याने काढा, उरलेलं पाणी मोठ्या आचेवर दोन चमचे राहीपर्यंत आटवा, मग फोडी परत घालून अर्धा मिनिट हलवा. फोडी अखंड राहतात आणि पाण्यात उतरलेली चव त्यांच्यावरच चढते.