तळ्याच्या गाळावरून हिमचादरीची कड शोधताय? या चुका टाळा

संभाजीनगर, परभणी, नांदेडकडची जिऑलॉजी-भूगोलाची पोरं जुन्या हवामानावर सेमिनार घेतात तेव्हा बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडकते. ग्रीनलंडच्या तळ्यात राखाडी गाळ सापडला म्हणजे तिथं बर्फ होता, तपकिरी सापडला म्हणजे नव्हता, झालं, निष्कर्ष तयार. एवढं सोपं नाहीये ते. गाळ फक्त इतकंच सांगतो की वितळलेल्या बर्फाचं पाणी या तळ्यात येत होतं का नाही.

म्हणून आधी नकाशा उघडा आणि तळ्याभोवतीचा उतार बघा. तळं आणि हिमचादर (जमीन झाकणारा बर्फाचा अवाढव्य थर) यांच्यामधी डोंगरधार असते, बर्फाची कड त्या धारेच्या अलीकडं आली की बर्फाखाली दगड दळून झालेलं बारीक पीठ पाण्याबरोबर तळ्यात उतरतं आणि गाळ राखाडी होतो, कड पलीकडं सरकली की ते पाणी दुसऱ्याच दरीनं निघून जातं, मग तळ्यात शेवाळ, मॉस, पानांचे तुकडे साठतात आणि गाळ तपकिरी होतो. यांना थ्रेशोल्ड लेक म्हणतात. आता पश्चिम ग्रीनलंडमधल्या इलुलिसातच्या भागात अशा काही तळ्यांत हजारो वर्षांचा तपकिरी गाळ आहे आणि त्याच्यावर अलीकडच्या काही शतकांचा, म्हणजे छोट्या हिमयुगातला, राखाडी थर आहे. यावरून तपकिरी गाळाच्या काळात कड धारेच्या मागं होती हे नक्की, पण एक किलोमीटर मागं का तीस, हे ते तळं सांगूच शकत नाही! तरी पोरं आकडा ठोकून मोकळी होतात. अंतर पाहिजे असेल तर वेगवेगळ्या उंचीच्या धारांमागची बरीच तळी एकत्र वाचावी लागतात.

राखाडी म्हणजे हिमचादरच, हेही गृहीत धरू नका. दरड कोसळून किंवा पुरानं आलेला थर पण राखाडीच दिसतो, पण त्याचा तळ एकदम धारदार असतो, खाली जाड कण आणि वर बारीक, आणि तो काही सेंटिमीटरात संपतो. पाणलोटात एखादी छोटी स्थानिक हिमनदी असली तर तीही तेच पीठ पाठवते, सॅटेलाइट फोटोत ते आधी तपासा.

सेंद्रिय भाग मोजायला सुकवलेला गाळ ५५० अंश सेल्सिअसला जाळतात आणि घटलेलं वजन बघतात. यात एक गोम आहे, चिकणमातीच्या कणांत अडकलेलं पाणीही त्या तापमानाला उडतं, त्यामुळं राखाडी गाळात दोन-चार टक्के घट दिसली की लगेच 'जीवसृष्टी परत आली' असं लिहू नका.

तारखांचा घोळ तर सगळ्यात मोठा. अख्खा गाळ रेडिओकार्बनला (कार्बनवरून वय काढायच्या चाचणीला) पाठवला की जुना कार्बन मिसळून वय जास्त येतं, चुनखडीच्या भागात तर हमखास, आणि पाण्यातलं मॉस कार्बन पाण्यातूनच घेतं म्हणून तेही फसवतं. जमिनीवरच्या झाडाचं पान किंवा काडी वेचा, एकावर थांबू नका, वरचा नमुना खालच्यापेक्षा जुना निघाला तर जुना पालापाचोळा वाहून आलाय असं समजा. कॅलिब्रेशन, म्हणजे रेडिओकार्बन वर्षांची खरी वर्षं करणं, विसरू नका, १०,००० रेडिओकार्बन वर्षं म्हणजे साधारण ११,५०० खरी वर्षं. आणि सगळ्यात खालच्या पानाचं वय म्हणजे बर्फ हटल्याची तारीख नव्हे, बर्फ त्याच्या आधीच कधीतरी गेला एवढंच ते सांगतं. त्यात कोअर (गाळात नळी घुसवून काढलेला उभा नमुना) टणक मातीत अडकून तळापर्यंत पोचलीच नसेल तर तेही हातचं गेलं.

थर मोजताना अजून एक. मे महिन्यात नाथसागराचं पाणी मागं सरकलं की काठच्या भेगाळलेल्या गाळात थरावर थर दिसतात, पण एक थर म्हणजे एक साल असं तिथला शेतकरी कधीच म्हणणार नाही, एका पावसाळ्यात दोनदा लोंढा आला तर थरही दोन. हिमतळ्यातल्या वार्षिक थरांना व्हार्व म्हणतात, उन्हाळ्याचा फिकट जाडसर आणि हिवाळ्याचा गडद बारीक मिळून एक वर्ष. स्वीडनच्या डी गीअर या भूशास्त्रज्ञानं १९०५ च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन असे थर मोजले, उत्तरेकडं जावं तसा तळाचा थर नवा होत जातो यावरून बर्फाची कड कशी मागं हटली ते वर्षावर्षानं मांडलं. जबरदस्त काम! तरी पुढं त्या स्वीडिश मोजणीत शेकडो वर्षं निसटल्याचं निघालं. म्हणून एकाच कोअरवर विसंबू नका, शेजारच्या दोन-तीन कोअरचे थर जुळवा, हिवाळ्याचा बारीक गडद पट्टा दिसत नसेल तर तो थर वर्ष म्हणून धरू नका.

आणि जालन्यापलीकडच्या लोणारच्या गाळात कुणी हिमयुगाचा बर्फ शोधू नका, तो गाळ पावसाची कहाणी सांगतो, त्यातले गेलुसाइटचे स्फटिक पाणी आटल्याची खूण आहेत. आपल्या बाजूला हिमनदीच्या खुणा बघायच्याच असतील तर चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ पैनगंगा चुनखडकावर ओरखडे आहेत, पण ते जवळपास ३० कोटी वर्षांपूर्वीचे. रेडिओकार्बन जेमतेम ५० हजार वर्षांपर्यंतच चालतो, तेव्हा ग्रीनलंडच्या तळ्यांतलं हिमयुग आणि हे जुनं हिमयुग एकाच तक्त्यात टाकू नका.