मासेमारीच्या रॉडवरचं इपॉक्सी चिकट राहतंय का?

घरी रॉड बांधताना गाईडवर (गळाची दोरी ज्यातून जाते त्या कड्या) दोरा गुंडाळणं जमतं हो, पण वरून इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून बनणारा, वाळून कडक होणारा लेप) मारलं की दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतंय असं बऱ्याच जणांचं होतं, आणि बहुतेक वेळा माप चुकलेलं असतं. रॉड फिनिशचं इपॉक्सी सहसा 1:1 असतं (तरी बाटलीवर बघाच), अंदाजाने ओतू नका, दोन सिरिंज घ्या, एक रेझिनची एक हार्डनरची, अदलाबदल झाली तर बाटलीतला मालच खराब. अगदी थोडं बनवायला जाऊ नका, 1 मिलीत थेंबभर चूकही भारी पडते, 3 अधिक 3 मिली घ्या. 3-4 मिनिटं हळू ढवळा, तळ आणि कडा खरवडत, फेटायचं नाही, लस्सी नाहीये ती. मग लगेच फॉइलवर ओता, कपात साठून राहिलं की स्वतःच्याच उष्णतेने पटकन घट्ट होतं, पसरलं की बुडबुडेही निघतात. लावल्यावर 3-4 तास रॉड फिरता हवा, मोटर नसेल तर दोन खोक्यांना खाचा पाडून त्यात ठेवा आणि दर 5-10 मिनिटांनी अर्धा फिरवा, मॅच बघत बघत होतं. कोकणातल्या भर पावसाळ्यात मात्र शक्यतो नकोच, दमट हवेत वर धुरकट थर येतो.